थंडरबर्डमधली सिग्नेचर लांबली की काय बिघडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, शाळा, दवाखाने, वकिलांची ऑफिसं अशा ठिकाणच्या संगणकांवर मी मेल लावून देतो. बहुतेकांकडे थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम असतो. फोन येतो तो साधारण एकाच वाक्याने सुरू होतो: "सिग्नेचर नीट येत नाहीये." सिग्नेचर म्हणजे मेलखाली आपोआप जोडला जाणारा नाव-हुद्द्याचा मजकूर. कुणाची ती सेव्ह होत नाही, कुणाची अर्धी दिसते, कुणाच्या दोन ओळींच्या मेलचं वजन शंभर केबीच्या वर जातं. कारणं वेगवेगळी असतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. आपण सिग्नेचर ओळींत मोजतो आणि संगणक ती बाइटमध्ये मोजतो.

थंडरबर्डमध्ये सिग्नेचर जास्तीत जास्त किती लांब ठेवता येते?

ओळींची मर्यादा कुठेच नाही. पण अकाउंट सेटिंग्जमधल्या 'सिग्नेचर टेक्स्ट' या चौकटीत तुम्ही जे लिहिता, ते तुमच्या प्रोफाइलच्या फोल्डरमधल्या 'प्रेफ्स डॉट जेएस' नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसतं. तुमची खाती, रंग अशा सेटिंग्ज तिथेच असतात. छोट्या छोट्या नोंदींसाठी केलेली ही फाइल आहे. तिथली एखादी नोंद ४ केबीच्या, म्हणजे ४,०९६ बाइटच्या वर गेली की प्रोग्राम कुरकुर करतो. एवढा मजकूर इथे ठेवू नका, बाहेरच्या फाइलमध्ये ठेवा, असा इशारा देतो. तो तुमच्यासमोर येत नाही, एरर कन्सोल या इशाऱ्यांच्या नोंदखिडकीत जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि जे एकदम दाबलंत तर कन्सोल उघडेल. नोंद १ एमबीच्या वर गेली तर मात्र ती घेतलीच जात नाही.

तेव्हा ४ केबी म्हणजे सावध होण्याची खूण आणि १ एमबी म्हणजे बंद दार. मधल्या टप्प्यात सिग्नेचर चालते, पण प्रत्येक मेलच्या मागे ते सगळं ओझं जातं.

माझी सिग्नेचर सहाच ओळींची आहे. ती ४ केबीच्या वर कशी जाईल?

ती वर्डमधून कॉपी केलेली आहे का? दहापैकी नऊ वेळा उत्तर 'हो' येतं.

एका पतसंस्थेत व्यवस्थापकांनी वर्डमध्ये छान तक्ता करून सिग्नेचर सजवली होती. डाव्या बाजूला बोधचिन्ह, उजवीकडे नाव, हुद्दा, पत्ता. वर्डमधून ती वेबपेज म्हणून सेव्ह केली आणि त्या फाइलमधलं सगळं कोड चौकटीत चिकटवलं. दिसायला सहा ओळी. मी ती नोटपॅडमध्ये उघडून त्यांना दाखवली, तर खाली सरकवता सरकवता माउसचं चाक थांबेना. वर्ड प्रत्येक परिच्छेदाला स्वतःच्या स्टाइल लावतं, प्रत्येक फॉन्टची ओळख लिहितं, ऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांसाठीच्या सूचना भरतं. रिकाम्या ओळीलासुद्धा स्टाइल असते. साहेबांचं नाव शोधायला आम्हाला कंट्रोल-एफ करावं लागलं.

उपाय सोपा आहे. थंडरबर्डमध्येच 'न्यू मेसेज' उघडा. खाली जुनी सिग्नेचर आलेली असेल तर पुसून टाका. तिथेच नवी लिहा, ठळक करायचं ते ठळक करा. मग फाइल मेनूतून 'सेव्ह ॲज' आणि त्यातून 'फाइल' निवडून एचटीएमएल, म्हणजे वेबपेजच्या भाषेच्या, प्रकारात ठेवा. वर्डचा कचरा यात येत नाही. वर्डमधलाच मजकूर हवा असेल तर तो आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून उचला. नोटपॅड फक्त अक्षरं ठेवतं.

मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातात, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि नेमकं किती ते मोजून बघण्यासारखं आहे.

'महाराष्ट्र' हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: म, हा, रा, ष्ट्र. संगणकाला त्यात दहा चिन्हं दिसतात: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यातलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे 'महाराष्ट्र' झाला ३० बाइटचा. तोच शब्द रोमन लिपीत ११ अक्षरांचा आहे आणि तिथे एका अक्षराला एक बाइट, म्हणून ११ बाइट.

खरी वाढ मेल पाठवताना होते. वाटेतले काही सर्व्हर फक्त जुनी इंग्रजी अक्षरं ओळखतात असं धरून मेल प्रोग्राम मजकुराचं रूप बदलतो. 'कोटेड प्रिंटेबल' या पद्धतीत एका बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे आपला 'महाराष्ट्र' ९० अक्षरांचा होतो. 'बेस ६४' पद्धतीत तीन बाइटची चार अक्षरं होतात, तिथे तो ४० वर थांबतो. जुन्या एचटीएमएल संपादकांची तर वेगळीच तऱ्हा. ते प्रत्येक चिन्हाचा क्रमांक लिहून ठेवतात. 'म' चा क्रमांक २३५०, त्याच्या आधी दोन खुणा आणि शेवटी अर्धविराम, अशी एका चिन्हाला सात अक्षरं. 'महाराष्ट्र' तिथे ७० अक्षरं घेतो.

म्हणून एखादा प्रोग्राम 'मर्यादा अमुक अक्षरांची' म्हणतो तेव्हा तो बाइट मोजतोय, चिन्हं मोजतोय की टॅगसकट, म्हणजे एचटीएमएलच्या खुणांसकट, सगळं मोजतोय, हे आधी बघावं. इंग्रजी सिग्नेचर मावते आणि तेवढ्याच लांबीची मराठी मावत नाही, त्याचं कारण हे असतं.

मग सिग्नेचर इंग्रजीतच करावी का?

नाही. हा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे.

हिशेब करा. ४,०९६ बाइटमध्ये देवनागरीची १,३६५ चिन्हं मावतात. नाव, हुद्दा, संस्था, गाव आणि फोन एवढं मराठीत लिहायला दोनशे चिन्हंही लागत नाहीत. म्हणजे ६०० बाइट. जागा खातात त्या वर्डच्या स्टाइल, चित्रं आणि चार-चार दुवे. ते तसंच ठेवून आपलं नाव रोमन लिपीत नेणं म्हणजे आजार एकीकडे आणि मलम दुसरीकडे. ग्रामपंचायतीतून, शाळेतून, दवाखान्यातून जाणाऱ्या मेलखाली नाव मराठीत असावं, ते व्यवस्थित बसतं.

चौकटीऐवजी फाइल कशी लावायची?

अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे तुमच्या खात्याच्या नावावर क्लिक करा. उजवीकडे सिग्नेचरच्या चौकटीखाली 'अटॅच द सिग्नेचर फ्रॉम अ फाइल इन्स्टेड' अशी ओळ आहे. तिथे खूण करा आणि 'चूज' दाबून फाइल दाखवा. साधा मजकूर, एचटीएमएल किंवा चित्र, तिन्ही चालतात. यात सेटिंग्जच्या फाइलमध्ये फक्त त्या फाइलचा पत्ता साठतो, मजकूर बाहेर राहतो, त्यामुळे ४ केबीचा आणि १ एमबीचा प्रश्नच मिटतो.

एक काळजी घ्या. ही फाइल डेस्कटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवू नका. कुणीतरी डेस्कटॉप आवरतं आणि दुसऱ्या दिवसापासून मेल बिनसिग्नेचरचे जातात. मी ती डॉक्युमेंट्समध्ये 'मेल सिग्नेचर' असा वेगळा फोल्डर करून ठेवतो.

फाइल लावली, पण मराठीच्या जागी भलतीच अक्षरं येतात.

दोन शक्यता आहेत.

पहिली सोपी: फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झालेली नाही. नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' उघडलं की खाली एन्कोडिंगचा पर्याय असतो, तिथे यूटीएफ-८ निवडा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून तेच निवडतं. त्याआधीच्या विंडोजमध्ये मात्र ते 'एएनएसआय' ही जुनी पद्धत निवडायचं आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरायची. प्रश्नचिन्हं उरली असतील तर मूळ मजकूर गेलेला आहे, पुन्हा टाइप करावा लागेल.

दुसरी शक्यता आपल्याकडे फार आढळते. मजकूर श्रीलिपी किंवा 'डीव्हीबी-टीटी सुरेख' यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्यात अक्षरांचे संकेत इंग्रजीचेच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट असल्याने तुम्हाला नाव दिसतं, समोरच्याकडे तो नसतो आणि त्याला चिन्हांचा काला दिसतो. यावर सेटिंग्जमध्ये उपाय नाही. सिग्नेचर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायची. चार ओळी तर आहेत, पाच मिनिटांचं काम आहे.

चौकटीत ओळी एकाखाली एक लिहिल्या, मेलमध्ये सगळ्या सलग येतात.

'यूज एचटीएमएल' वर खूण आहे. ती असली की एंटर मोजला जात नाही, प्रत्येक ओळीच्या शेवटी बीआर टॅग द्यावा लागतो. उलट, खूण नसताना टॅग लिहिलेत तर ते टॅगच मेलमध्ये छापून येतात.

लांब ओळ मध्येच तुटते.

साध्या मजकुरातला मेल थंडरबर्ड ७२ अक्षरांवर मोडतं. पूर्ण पत्ता एका ओळीत घातलात तर तो पुढच्या ओळीत सांडणार. आकडा बदलता येतो, पण त्यापेक्षा पत्ताच दोन ओळींत लिहिणं बरं, कारण समोरच्याचा प्रोग्रामही कुठेतरी मोडणारच. इंटरनेटचे नियम आणि संकेत आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात. मेलच्या रचनेचा जो दस्तऐवज आहे, २००८ चा आरएफसी ५३२२, त्यातही एका ओळीत ७८ पेक्षा जास्त अक्षरं नसावीत आणि ९९८ पेक्षा जास्त असूच नयेत, असं सांगितलं आहे.

बोधचिन्ह घातल्यापासून मेल जड झाले आहेत.

चित्र छोटं *दिसतं* म्हणून ते छोटं *असतं* असं नाही. व्हॉट्सॲपवर आलेला किंवा फोनने काढलेला संस्थेच्या पाटीचा फोटो कोपरा ओढून बोटाएवढा केला, तरी फाइल तेवढीच राहते. फक्त दाखवताना आकसते.

चित्र मेलमधून जाताना बेस ६४ मध्ये बदलतं, म्हणजे एक तृतीयांशाने फुगतं. ६० केबीचं चित्र ८० केबीच्या पुढे जातं. चौकटीतल्या एचटीएमएलमध्येच चित्राचं कोड भरलं असेल तर तेच फुगलेलं रूप सेटिंग्जमध्ये साठतं. मूळ चित्र ७६८ केबीचं झालं की १ एमबीचं दार बंद होतं. मग 'सेव्ह केलं तरी टिकत नाही' अशी तक्रार येते.

चित्र पेंटमध्ये उघडून 'रीसाइज' करा, रुंदी दीडशे पिक्सेलच्या आसपास आणा आणि पीएनजी म्हणून सेव्ह करा. दोन-तीन रंगांचं बोधचिन्ह मग काही केबींत बसतं. त्यानंतर स्वतःलाच एक मेल पाठवा, तो उघडून कंट्रोल आणि यू दाबा. मेलचं कच्चं रूप दिसेल. वर तुमचं वाक्य आणि त्याखाली न संपणारी अक्षरांची भिंत दिसली, तर ती भिंत म्हणजे तुमचं चित्र. मी हे प्रत्येकाला एकदा तरी दाखवतोच. ती भिंत बघितल्यावर पुढचं समजावावं लागत नाही.

सिग्नेचरच्या वर दोन आडव्या रेघा का येतात? काढता येतील का?

दोन छोट्या रेघा (--) आणि त्यांच्यामागे एक रिकामी जागा. 'इथून पुढे सिग्नेचर आहे' हे दुसऱ्या मेल प्रोग्रामला सांगणारी ही खूण आहे, २००४ च्या आरएफसी ३६७६ मध्ये ती नोंदलेली आहे. ती खूण ओळखून थंडरबर्ड पुढचा मजकूर फिकट दाखवतं आणि उत्तर देताना त्याखालचा भाग गाळतं. त्यामुळे दहा उत्तरांनंतर दहा सिग्नेचरींची रास साठत नाही. काढता येतात, पण मी काढत नाही.

इथे एक फसगत होते, ती नीट लक्षात घ्या. घाईत काही जण सिग्नेचरच्या *खाली* कर्सर नेऊन उत्तर लिहितात. मेल जातो, समोरच्याला दिसतोही, पण फिकट, आणि तो थंडरबर्डमधून उत्तर देताना तुमचं लिखाण त्याच्या खिडकीतून गायब. एका शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं अशीच आठवडाभर कुणाच्या लक्षात आली नव्हती. लिहायचं ते नेहमी त्या दोन रेघांच्या वर.

प्रत्येक उत्तराखाली पूर्ण सिग्नेचर नको आहे.

अकाउंट सेटिंग्जमधल्या 'कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग' मध्ये उत्तरांसाठी आणि फॉरवर्डसाठी सिग्नेचर लावायची की नाही, याच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. याहून चांगली सोय म्हणजे 'मॅनेज आयडेंटिटीज'. एकाच पत्त्यावर दोन ओळखी करा: एक पूर्ण सिग्नेचरची, एक फक्त नावाची. मेल लिहिताना 'फ्रॉम' मधून हवी ती निवडा.

माझ्या सिग्नेचरखाली इंग्रजीत मोठा परिच्छेद येतो. मी तो कुठेच लिहिलेला नाही.

'हा मेल गोपनीय आहे' वगैरे? तो तुमच्या संगणकावर नाही. संस्थेचा मेल सर्व्हर तो वाटेत जोडतो, म्हणून पाठवतानाच्या खिडकीत दिसत नाही आणि थंडरबर्डमध्ये शोधून सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरमध्ये अशा मजकुराला टॅगसकट ५,००० अक्षरांपर्यंत मुभा आहे, त्यामुळे तो तुमच्या सिग्नेचरच्या कितीतरी पट लांब असू शकतो. बदल हवा असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगा. तिथे सांगताना तो मराठीतही असावा, एवढी मागणी जरूर करा.

जीमेलमध्ये ठेवलेली सिग्नेचर थंडरबर्डमध्ये का येत नाही?

ती जीमेलच्या वेबपेजवरच राहते. खातं तेच असलं तरी थंडरबर्डची सिग्नेचर वेगळी लावावी लागते. जीमेलची मर्यादाही वेगळी आहे: १०,००० अक्षरं, आणि चित्र घातलं तर तेही त्यातच मोजलं जातं. थंडरबर्डमध्ये मजेत चाललेली सिग्नेचर तिथे 'फार लांब आहे' म्हणून नाकारली जाते, त्याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट जीमेल वापरणाऱ्या समोरच्यासाठी. मेलचा एचटीएमएल मजकूर साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो तिथेच कापतं आणि पुढचं बघायला दुवा देतं. वर्डची सिग्नेचर आणि लांबलेला पत्रव्यवहार एकत्र आले की एवढी मजल सहज मारली जाते.

'सिग्नेचर चार ओळींची असावी' हा नियम कुणी केला?

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी आरएफसी १८५५ हा नेटवरच्या शिष्टाचाराचा दस्तऐवज लिहिला. सिग्नेचर थोडक्यात ठेवा, चार ओळींच्या वर नको, असं त्यात आहे. कारणही दिलं आहे: पुष्कळ लोक जोडणीचे पैसे मिनिटागणिक मोजतात, मेल जितका लांब तितका त्यांना भुर्दंड. यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, लिहिण्यासाठीच्या 'आयन्यूज' या प्रोग्रामात तर चार ओळींची मर्यादा बसवलेलीच होती.

मिनिटांचे पैसे गेले. पण ज्याला आपण लिहितो तो आता फोनच्या पडद्यावर वाचतो, आणि 'पैसे मिळाले, धन्यवाद' एवढं वाचायला त्याला बोटाने तीन पानं सरकवावी लागतात. चार ओळी आजही योग्यच आहेत असं माझं ठाम मत आहे.

कमी करायचं तर काय काढू?

आधी स्वतःचा मेलपत्ता काढा, तो मेलच्या डोक्यावर असतोच. मग फॅक्स नंबर, सुविचार, 'कागद वाचवा' चं हिरवं झाड, तीन-चार सोशल मीडियाची चिन्हं. राहावं ते असं:

नाव
हुद्दा, संस्था
गाव, कामाची वेळ
फोन

कामाची वेळ फार थोडे लोक लिहितात. दवाखान्याच्या आणि पतसंस्थेच्या मेलखाली ती असली की फोनवरचे निम्मे प्रश्न वाचतात. पूर्ण पत्ता, पिन कोड, दुसरा नंबर हे द्यायचंच असेल तर सिग्नेचरच्या चौकटीखालीच व्हीकार्ड, म्हणजे संपर्काच्या माहितीची छोटी फाइल, जोडायची खूण आहे. ज्याला हवं तो ते आपल्या फोनबुकात घेतो.

सगळं केलं, तरी मेलमध्ये जुनीच सिग्नेचर येते.

या क्रमाने बघा. 'अटॅच द सिग्नेचर फ्रॉम अ फाइल' वर खूण असेल तर चौकटीत केलेला बदल चालतच नाही, फाइलचंच ऐकलं जातं. खूण काढा किंवा फाइल बदला. मेल लिहायची खिडकी आधीपासून उघडी असेल तर तिच्यात जुनीच राहणार, बंद करून नवी उघडा. ड्राफ्ट आणि टेम्पलेटमध्ये सिग्नेचर मजकुराचाच भाग झालेली असते, तिथे हाताने बदलावी लागते. 'फ्रॉम' मध्ये दुसरीच ओळख निवडलेली नाही ना, तेही बघा.

एवढ्यावरही नाही बदलली, तर 'प्रेफ्स डॉट जेएस' मधली जुनी नोंद अडून बसली असण्याची शक्यता आहे. हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून प्रोफाइलचा फोल्डर उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, त्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच तिला हात लावा. प्रोग्राम चालू असताना केलेला बदल तो बंद होताना पुसून टाकतो. सिग्नेचरच्या मजकुराची ओळ शोधून ती एकटी ओळ काढा, सेव्ह करा, थंडरबर्ड सुरू करा. चौकट रिकामी दिसली म्हणजे काम झालं, आता नवी सिग्नेचर लिहा.